क्लाइव्हनं हार मानली

पास्को घराण्यात धाकट्या लेकीचं, शेरिलचं, दुसरं लग्न झालं ते साल २०१२. बाप मर्व्ह भाषणाला उभा राहिला आणि जोडप्याला आशीर्वाद द्यायचं सोडून चांगला पासवर्ड कसा असावा हेच वीस मिनिटं सांगत बसला! ॲडलेडकडच्या त्यांच्या मून्टा गावात कुणालाच नवल वाटलं नाही. चाळीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढलेल्या या माणसानं निवृत्तीनंतर घरच्या कॉम्प्युटरभोवती असा तट बांधला होता की व्हायरस राहू द्या, लेकीच्या मेलसुद्धा वेशीवरच अडकायच्या.

"माझ्या परवानगीशिवाय या घरात माशी शिरत नाही!" तो छाती फुगवून सांगायचा.

"माशी काय, माणूसही शिरत नाही," बायको नोरीन म्हणायची.

मर्व्हला जगात वैरी एकच. मेव्हणा क्लाइव्ह ट्रेझीस, नोरीनचा धाकटा भाऊ, समुद्रापलीकडे लॉन्सेस्टनला राहणारा. इंटरनेटवरच्या एका चर्चामंडळावर दोघं नऊ वर्षं भांडत होते. नेटवर्कचे जुने पत्ते बरे की नवे, कुठल्या सॉफ्टवेअरला किती भोकं, असले विषय! आणि हार मानायची चाल ट्रेझीसांत नव्हती. त्यांचा आजोबा तांब्याच्या खाणीत पाणी गळ्याशी आलं तरी "पंप चालू आहे" म्हणून वाद घालत राहिला, आणि तसाच गेला.

ऑगस्टमध्ये क्लाइव्हच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, फोन संपला. आठवड्याभरात त्यानं हॉस्पिटलातून मर्व्हला एक व्हिडिओ धाडला. अकरा सेकंदांचा. वर एवढंच, "नोरीनला दाखव."

मर्व्हनं उघडला. पडदा काळा ठिक्कर!

"नव्या जातीचा व्हिडिओ आहे," मर्व्ह गरजला. "मुद्दाम पाठवलाय! हा बघायचा तर नवं सॉफ्टवेअर आत घ्यावं लागेल. म्हणजे भिंतीला भोक! आणि भोक पडलं की उंदीर आलाच!"

"मग येऊ दे उंदीर. मला भावाचं तोंड बघायचंय."

"अगं, तत्त्वाचा प्रश्न आहे!"

आणि तो तडक चर्चामंडळावर गेला. 'व्हिडिओची ही नवी जात म्हणजे दरोडा' असा मथळा देऊन त्यानं चौदा मुद्दे मांडले. दोन दिवसांत तीनशे उत्तरं! वाटाणे भाजावेत तशी माणसं तडतडत होती. त्यात क्लाइव्हही, हॉस्पिटलच्या खाटेवरून.

"दिसला का तो?" नोरीन रोज विचारायची.

"दिसायचं काय त्यात? ठणठणीत आहे! आत्ताच मला गाढव म्हणाला."

"मर्व्ह, मी जाऊन येऊ का?"

"मरणारा माणूस सातव्या मुद्द्यावर दोन पानं लिहितो होय? शेरिलचं बिऱ्हाड लागलं की जाऊ."

नोरीनला तेवढा धीर पुरला. तिच्याही अंगात ट्रेझीसांचंच रक्त. भांडतोय म्हणजे जगतोय, हे तिलाही पटलं.

बुधवारी दुपारी मर्व्ह नाचतच स्वयंपाकघरात आला. नोरीन पेस्टीच्या, म्हणजे मांसाचं सारण भरलेल्या मोठ्या करंजीच्या, कडा मुडपत होती.

"जिंकलो! नऊ वर्षांनी! काय लिहिलंय ऐक. 'मर्व्ह, तुझंच बरोबर. जुनंच चांगलं होतं.' सगळ्या जगासमोर! क्लाइव्हनं हार मानली!"

नोरीनचा हात पिठातच थांबला.

"काय मानली?"

"हार! हार!"

"माझी बॅग काढ, मर्व्ह," ती म्हणाली. हातसुद्धा न धुता तिनं कोट चढवला.

लॉन्सेस्टनचं थेट विमान नव्हतं, जागा दुसऱ्या दिवशीची मिळाली. ॲडलेडच्या विमानतळावर सोडायला शेरिल आली होती.

"बाबा, मामाचा तो व्हिडिओ मला पाठवा बरं."

मर्व्हनं आपल्या फोनवरून पुढं धाडला. तिनं आपल्या फोनवर बोट टेकवलं आणि तो चालू झाला! ना भोक, ना उंदीर.

तिघं वाकून बघत राहिली. क्लाइव्ह खाटेवर बसलेला, गळ्याला पट्टी, तोंड चिपाडासारखं. त्यानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर दोनदा हात थोपटला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. संपलं.

"हे कधी आलं होतं?" नोरीननं विचारलं.

"शुक्रवारी," मर्व्ह म्हणाला. मग तिची बॅग उचलत पुटपुटला, "सातवा मुद्दा तसा कच्चाच होता माझा."

क्लाइव्ह ट्रेझीस गुरुवार, २३ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वारला. नोरीनचं विमान साडेअकराचं होतं.