जनरलसाहेबांना कोणते तेल चालेल?

बडोद्याच्या रावपुऱ्यातील आमच्या मंडळाच्या सभागृहामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक जनरेटर आहे. त्याच्या इंजिनात कोणते तेल घालावे, हा प्रश्न अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कार्यकारिणीपुढे रीतसर आला. त्याआधी हा प्रश्नच नव्हता. इंजिनावर पितळी पाटी आहे आणि तिच्यावर तेलाचा प्रकार ठळक अक्षरांत कोरलेला आहे. पण लिहिलेले वाचून तसेच करायचे असते, तर कार्यकारिणी नेमलीच कशाला असती?

इंजिन महायुद्धातले, अमेरिकन, लष्कराच्या भंगाराच्या लिलावात मंडळाने उचललेले. म्हणून सगळे त्याला 'जनरलसाहेब' म्हणतात. ते डिझेलवर चालते आणि तरीही टू-स्ट्रोक आहे. अशी इंजिने थोडी, आणि त्यांचे पथ्य कडक: सिंगल ग्रेड, चाळीस नंबर. दुसरे काही पोटात गेले की ती आजारी पडतात.

जुना साठा संपला तो नेमका वसुंधराबाईंच्या गाण्याच्या तोंडावर. बाईंनी आयुष्यभर रावपुऱ्यातल्या मुलींना गाणे शिकवले. त्या मुली रेडिओवर गाऊ लागल्या, पण बाईंची स्वतःची बैठक मंडळाने कधी लग्नासाठी हॉल दिला म्हणून, कधी रांगोळी प्रदर्शन आहे म्हणून, दर वेळी पुढे ढकलली. या वेळी मात्र आमंत्रणे छापून झाली होती. त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी वीज जात होती. जनरलसाहेब चालले तरच दिवे, पंखे आणि माइक. बाईंनी तंबोऱ्याला नव्या तारा बसवल्या आणि सभेला येऊन बसल्या.

अध्यक्ष गोविंदराव हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पाटीवरचा आकडा ऐकला आणि चष्मा काढला.

"चाळीस? पस्तीसला पास, म्हणजे हे तेल काठावर पास झालेलं. असल्या मुलाला मी वर्गाचा मॉनिटर केला नाही, मंडळाच्या इंजिनात कसा घेऊ?"

खजिनदार विश्वंभर नव्या जमान्याचे. ते म्हणाले, "सर, आता मल्टिग्रेड आलंय. वीस-पन्नास. थंडीत वीससारखं वागतं, उन्हाळ्यात पन्नाससारखं."

"वीस आणि पन्नास, सत्तर!" गोविंदरावांचा चेहरा उजळला. "फर्स्ट क्लास की हो!"

"अहो, पाटीवर चाळीस आहे तर चाळीस घाला ना," वसुंधराबाई म्हणाल्या. "मी काळी चारमध्ये गाते. मला कुणी म्हणेल का, की पांढरी एकपासून काळी पाचपर्यंत जे लागेल त्यात गा? सगळ्या पट्ट्यांत गाणारा शेवटी कुठल्याच पट्टीत नसतो."

"बाई, जरा शांती राखा. मुद्दा टेक्निकल आहे," गोविंदराव म्हणाले.

टेक्निकल म्हटल्यावर सगळे चिटणीस हेरंबकडे वळले. हेरंब रिफायनरीत नोकरीला, त्यामुळे केसाच्या तेलापासून फरसाणाच्या तेलापर्यंत रावपुऱ्यातला प्रत्येक तैलप्रश्न त्याच्याकडे जातो. तो तिथे टाइम ऑफिसात हजेरी घेतो, ही बाब कुणी मनावर घेत नाही.

"टू-स्ट्रोक म्हणजे टू-स्ट्रोक," हेरंब म्हणाला. "माझी स्कूटर टू-स्ट्रोक. तिला मी टू-टी ऑइल घालतो. कधी तक्रार नाही."

"ते तू पेट्रोलमध्ये मिसळतोस रे. याचं तेल खाली चेंबरमध्ये राहतं, ते निराळं."

"बाई, तेल शेवटी इंजिनातच जातं ना?"

प्रश्न इतका चुकीचा असला की उत्तर कुठून सुरू करावे तेच समजत नाही. अखेर तज्ज्ञांचे मत घेण्यासाठी शिष्टमंडळ मांडवीच्या बाजारातल्या तेलाच्या दुकानात गेले. तिथला दुकानदार हिशेब करता करता बोलत होता.

"सिंगल ग्रेड, चाळीस छे?"

"छे ने. चालशे."

"मल्टिग्रेड नाखिये तो?" शिष्टमंडळाने विचारले; म्हणजे, ते घातले तर?

"चालशे."

"अने स्कूटरवाळुं?"

"ए पण चालशे."

आता या शब्दाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. गुजरातीतले 'चालशे' काय आणि आपले 'चालेल' काय, दोन्हींचे अर्थ दोन. एक, यंत्र चालेल. दुसरा, माझी काही हरकत नाही. दुकानदार दुसरा अर्थ बोलला आणि शिष्टमंडळाने पहिला ऐकला. बडोद्यात या एका शब्दावर सोयरिकी ठरतात, जिने बांधले जातात आणि बिनपाण्याचे नळ बसतात, तिथे एका इंजिनाची काय कथा!

तिन्ही तेले 'चालणारी' निघाल्यामुळे पेच वाढला. एक निवडावे, तर उरलेल्या दोघांचा अपमान. शिवाय पाटीचाही मान राखायला हवा. सखोल विचारविनिमयानंतर ठराव झाला, की तिन्ही तेले समप्रमाणात एकत्र करून घालावीत.

"मल्टिग्रेडच्या पुढची पायरी," विश्वंभर म्हणाले. "सर्वपक्षीय!"

"बाई, चालेल ना?" अध्यक्षांनी विचारले. बाई गप्प राहिल्या. आणखी वाद घातला तर गाणे पुन्हा पुढे जाईल, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मौनाची नोंद संमती अशी झाली.

नारळ फोडून चाचणी घेतली. जनरलसाहेब किंचाळत सुरू झाले आणि शेड निळ्या धुराने भरली. "चाललं, चाललं!" असा गजर झाला. आता तेल उगाच खर्च होऊ नये म्हणून चाचणी तिथेच थांबवण्यात आली.

गाण्याच्या दिवशी हॉल भरला. बाईंनी पूरिया धनाश्री लावला आणि नेहमीप्रमाणे वीज गेली. जनरलसाहेब सुरू झाले, दिवे आले, टाळ्या पडल्या. बाईंचा आवाज वर चढू लागला, तसा शेडमधला आवाजही चढू लागला. त्या तार सप्तकातल्या षड्जावर पोचतात तोच मागे लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, एक धक्का बसला आणि सगळे थांबले. तेल पातळ झाल्याने पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाले होते.

अंधारात काही वेळ फक्त तंबोरा वाजत राहिला. मला फार वाईट वाटले, हे इथे सांगून टाकतो. मग कुणीतरी "पंखा नाही, गरमी तर बघा" म्हटले, खुर्च्या वाजल्या आणि लोक आमंत्रणपत्रिकांनी वारा घेत घरी गेले.

पुढे सर्वसाधारण सभेत चौकशी समितीने अहवाल ठेवला. तिन्ही तेले तज्ज्ञांच्या मते चालणारी होती, सबब तेल निर्दोष. इंजिन वृद्ध असल्याने त्यास नव्या विचारांशी जुळवून घेता आले नाही, सबब दोषी. पितळी पाटी काढून, घासूनपुसून, वारसा म्हणून कार्यालयात लावावी अशी शिफारसही होती.

"आणि बाई, तुमचं गाणं पुढच्या वर्षी ठेवू," गोविंदराव प्रेमाने म्हणाले. "फावेल ना? चालेल ना?"

वसुंधराबाई उभ्या राहिल्या.

"नाही चालणार," त्या म्हणाल्या.

हेरंबचे पेन कागदावर अडले. मंडळाच्या इतिहासात हे दोन शब्द कधी उच्चारलेच गेले नव्हते, ते लिहायचे कसे? अध्यक्ष घाम पुसू लागले. एखाद्याने फक्त "बाई बरोबर बोलतायत" म्हटले असते, तर त्या दिवशी काहीही घडू शकले असते.

तेवढ्यात सभासदांच्या दुसऱ्या रांगेतून एक समजूतदार आवाज आला, "जाऊ द्या हो बाई. सगळ्यांनी चांगल्या मनानंच केलं. चालेल, चालेल."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हेरंबने 'एकमताने' असे लिहिले. बाईंनी पर्स उचलली आणि त्या कुणाकडे न बघता निघून गेल्या.

तो आवाज कुणाचा होता याची नोंद नाही. मला मात्र तो चांगलाच ओळखीचा वाटला; मीही त्याच रांगेत होतो. वाचकहो, त्या दिवशी दुसऱ्या रांगेत तुमच्या शेजारी कोण बसले होते, आठवतेय का?