चारशे मीटरचं उत्तर

परिपत्रक आलं की आमच्या शाळेतलं गणित बदलतं. यंदाच्या परिपत्रकात आदेश होता : ‘बालकांना गणित प्रत्यक्ष जीवनातून शिकवावे व पुराव्यादाखल फोटो अपलोड करावा.’ मी मुख्याध्यापक, त्यामुळे मी फोटोच्या तयारीला लागलो. कोकिळाबाई मात्र नोकरीत नव्या. त्यांनी परिपत्रक चक्क मनावर घेतलं. अहो, परिपत्रक काय मनावर घ्यायची वस्तू आहे?

त्यांनी तिसरीची पोरं शाळेपुढच्या नव्या सिमेंट रस्त्यावर नेली. बैलाच्या लांब कासऱ्यावर टेपनं मोजून दहा मीटरची खूण केली आणि रस्ता मोजायला लावला. फिजा वर्गात सगळ्यांत हुशार. तिनं तीनदा मोजून वहीत लिहिलं : दोनशे साठ मीटर. शेजारी ग्रामपंचायतीचा फलक उभा होता : लांबी चारशे मीटर, काम पूर्ण.

“सर, बोर्डवाल्याले मोजता येत नाही काय?” फिजानं विचारलं.

मी तिची वही मिटायला धावलो. तोवर बाईंनी फोटो अपलोडही केला होता, वहीसकट.

दुसऱ्याच दिवशी केंद्रप्रमुख कारभारीसाहेब हजर. त्यांनी रस्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, वही तपासली.

“विद्यार्थिनीचं उत्तर एकशे चाळीसनं चुकलेलं आहे. सबब, अप्रगत.”

“साहेब, एकदा मोजून तर पाहा,” कोकिळाबाई म्हणाल्या.

“मॅडम, रस्ता अभियंत्यानं मोजलाय. तिसरीतली पोरगी अभियंत्याच्या वर शिकली काय?”

सोमवारी फेरचाचणी ठरली. उत्तर जुळलं नाही तर फिजाचं नाव अप्रगतांच्या यादीत जाणार होतं. पोरगी रडून रडून अर्धी झाली. तिचे वडील जहांगीरभाई शाळेत आले. रस्ता त्यांच्या घराच्या अलीकडेच संपलेला, तेव्हा आता हे भांडणार, अशी मला धास्ती. पण त्यांनी हातच जोडले.

“मॅडम, पोरीले चारशे काऊन शिकवत नाही तुमी? फेल झाली त मी काय करू?”

“भाऊ, तो रस्ता चारशे नाहीच.”

“मले मालूम हाये. साऱ्या गावाले मालूम हाये.”

सोमवारी अख्खं गाव जमलं. फिजा कासरा घेऊन मोजत निघाली. दोनशे साठवर सिमेंट संपलं. ती क्षणभर थांबली, मागे वळली आणि त्याच रस्त्यावरून मोजत परत येऊ लागली. आकडा भरला तशी ओरडली, “चारशे!”

साहेबांनी टाळी वाजवली, मागोमाग गावानं. मीही वाजवली, खोटं कशाला बोलू? फिजा प्रगत झाली. कोकिळाबाई तेवढ्या हाताची घडी घालून उभ्या होत्या.

पेढा तोंडात धरून फिजानं मला विचारलं, “सर, पण खरे किती?”

मी गावाकडे पाहिलं. गाव पेढे खाण्यात गुंतलं होतं.

हसताय? हसा. तुमच्याही गल्लीच्या तोंडाशी असाच एक फलक आहे. आमच्या पोरीनं निदान रस्ता मोजला तरी. तुमच्या फलकावर किती मीटर लिहिलेत, सांगा बरं?