घाबरू नकोस, तो आलाय

हातात कला आली की माणूस गप्प बसत नाही. मी फावल्या वेळात, घरबसल्या व्हिडिओ बघून, मोबाइलची ॲप तयार करायला शिकले. पहिलं ॲप छत्रीची आठवण करून देणारं होतं. (ती आठवण नेमकी बसमध्ये बसल्यावर यायची. पण यायची.) दुसरं मात्र गरजेपोटी करायचं ठरवलं. कारण मी दचकते.

दाराची बेल वाजली, टोस्टरमधून पाव उडाला, मलाच शिंक आली, तरी दचकते. त्यात नवरा ग्रंथालयात नोकरीला. दिवसभर पाय न वाजवता चालायची सवय. घरीही तसाच येतो आणि थेट माझ्या मानेमागे उभा राहून विचारतो, "काय करतेस?"

काय करणार? कप फोडते.

सासूबाईंनी लग्नात दिलेल्या सहा निळ्या कपांपैकी चार असेच गेले. आणि बुधवारी त्यांचा फोन आला, "रविवारी येतेय गं. माझ्या निळ्या कपांतून दोघी निवांत चहा घेऊ."

दोघी आणि दोन कप. फक्त रविवारपर्यंत ते दोन जगवायचे होते. नवरा घराजवळ आला की माझा फोन मला आधीच सावध करेल, असं ॲप करायला मी त्याच रात्री बसले.

पण ॲप दोघांच्याही फोनवर लागणार, आणि माझा फोन अँड्रॉइड, त्याचा आयफोन. ॲप कशावर करावं याचा मी सतरा ओळींचा तक्ता मांडला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"तुझ्या फोनसाठी करायचं तर कंप्युटरही त्याच कंपनीचा लागतो."

"मग?"

"मग तू फोन बदल, नाहीतर मी कंप्युटर बदलते."

"त्यापेक्षा नवराच बदल. पाय आपटत चालणारा बघ एखादा."

शेवटी तह झाला. माझा जुना, काच तडकलेला अँड्रॉइड त्याने दुसऱ्या खिशात बाळगायचा. सतराही ओळी पाण्यात.

गुरुवारी संध्याकाळी पहिली चाचणी. मी कप पुसत होते. (चाचणी खऱ्या परिस्थितीत घ्यावी, असं व्हिडिओत सांगितलं होतं.) नवरा कोपऱ्यावर आला, माझ्या फोनची घंटा खणखणली, मी दचकले आणि पाचवा कप गेला.

नवरा आत आला. तुकड्यांकडे बघून म्हणाला, "ॲप चालतंय की!"

मी घंटा काढून टाकली. तिच्या जागी माझाच आवाज भरला, अगदी हळू, कुजबुजता: "घाबरू नकोस. तो आलाय. कप खाली ठेव." शुक्रवार गेला, शनिवार गेला, एकही अपघात नाही. मला स्वतःचा इतका अभिमान दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता.

रविवारी सासूबाई आल्या. उरलेला निळा कप त्यांना द्यायचा आणि आपण मोठा मग घ्यायचा, "मला हल्ली जास्त चहा लागतो" ही थाप तयार होती. पण दूध संपलेलं. नवरा खाली पळाला (पळालाही आवाज न करता). सासूबाई ओट्याशी आल्या आणि त्यांनी कप कौतुकाने हातात घेतला.

"अगदी नव्यासारखा ठेवलायस गं!"

तेवढ्यात त्यांच्या कानामागच्या फळीवरून कुणीतरी कुजबुजलं, "घाबरू नकोस. तो आलाय. कप खाली ठेव."

कप खाली गेला. ठेवला गेला नाही.

"कोण आलाय?" सासूबाई पांढऱ्याफटक.

"तुमचा मुलगा, आई."

"मग घाबरायचं कशाला? काय करतो काय तो तुला?"

"काही नाही हो. नुसता येतो."

"नुसता येतो म्हणजे?"

"आणलं दूध," आमच्या मानेमागून आवाज आला. आम्ही दोघी एका सुरात किंचाळलो. दूधही गेलं.

"मेल्या, दारातून खोकता येत नाही?" सासूबाई त्याच्यावर कडाडल्या. मग ओशाळून माझ्याकडे वळल्या. "माझ्या हातून सेट मोडला गं तुझा. जाऊ दे, पाच आहेत ना अजून?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने छताकडे. नुसतं "हो" म्हणायचं होतं.

"आई, हा शेवटचा होता. बाकीचे मी फोडले."

त्या खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे सगळं पाप माझ्या एकटीच्या माथी नाही तर!"

आम्ही मगांतून बिनदुधाचा चहा प्यालो. तेव्हापासून नवरा दारातून खोकतो. खोकला कुठल्याही फोनबरोबर चालतो, कंप्युटर लागत नाही.

ॲप मात्र वाया गेलं नाही. सासूबाईंना ते फारच आवडलं आणि त्यांचा फोन निघाला अँड्रॉइड. जाताना त्यांनी ते बसवून घेतलं, माझ्या फोनला जोडून. परवा त्यांच्याकडे गेलो. दाराशी पोचतोय तोच आतून त्यांच्याच आवाजात खणखणीत इशारा ऐकू आला: "सून आलीय! कप कपाटात ठेवा!"

मी दचकले.

दाराबाहेर त्यांची एक लाडकी कुंडी असायची.