गाण्यात मेलेला गोर्गोस

लाम्पोन गवई वीणा जुळवू लागला, तसा म्हाताऱ्या थ्रासोनने बोकडाच्या पाठीचा सगळ्यात मऊ तुकडा आपल्या हाताने त्याच्या पुढ्यात ठेवला. अख्खं गाव अंगणात जमलं होतं. जो गाण्यात गेला तो अमर, बाकीचे मेले की मेले, हे बेटावर लहान पोरालाही ठाऊक. थ्रासोनचे गुडघे गेले होते, दात निम्मे गेले होते. आता गाण्यात जायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते आज उरकायचं होतं.

तेवढ्यात एक परका म्हातारा दारात आला. वल्हं मोडलं म्हणून त्याने होडी किनाऱ्याला लावली होती. जेवू घालण्याआधी पाहुण्याला नाव विचारणं म्हणजे घराण्याला बट्टाच. थ्रासोनच्या बायकोने, मिर्तोने, पाय धुवायला पाणी दिलं. थ्रासोनने त्याला शेजारी बसवून आग्रहाने वाढलं.

लाम्पोन जो सुटला! म्हणे गोट्यांच्या किनाऱ्यावर, शेळ्यांच्या त्या थोर लढाईत, पैलतीराचा सिंह, दोन पुरुष उंचीचा गोर्गोस, थ्रासोनच्या भाल्याने कोसळला आणि धरणी हादरली. बायका डोळे पुसू लागल्या. पाहुण्याला मात्र जबरदस्त ठसका लागला. पाठ थोपटायला थ्रासोनने हात उचलला आणि तो वरच राहिला. तो कान! लहानपणी गाढवाने चावलेला, अर्धा कान! अरे देवा, हा तर गोर्गोस!

खरी हकिकत घरात फक्त मिर्तोला ठाऊक होती. झुंजीआधी वीराने आपलं, बापाचं, आजाचं नाव आणि पराक्रम सांगायचा, ही रीत. दोघंही तेव्हा तरणेबांड, आणि दोघांनाही मरायची भीती. त्यांनी घराणं जे सांगायला घेतलं ते संपेचना. पणजोबांच्या बैलापर्यंत आले तोवर सूर्य कलला आणि टेकडीपल्याड बाकीच्यांनी शेळ्या वाटून घेऊन तह केला. एकाच बुधल्यातलं पाणी पिऊन दोघं आपापल्या घरी गेले. दारात बाप उभा. "पाडलास ना रे त्याला?" थ्रासोनच्या तोंडून 'हो' निघून गेलं, ते आजतागायत परत घेता आलं नव्हतं.

"पाहुणे जेवले!" शेजारचा स्मिक्रोस ओरडला. "आता नाव विचारा की, काका!"

"राहू दे रे. दमलेत ते."

"वा! रीत म्हणजे रीत!"

पाहुणा उठला. त्याने गावाकडे पाहिलं, मग थ्रासोनच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं. "मी निकानोर," तो सावकाश म्हणाला. "त्या गोर्गोसचा धाकटा भाऊ. आमचा दादा ऐरागैरा नव्हता हो. त्याला लोळवणारा म्हणजे वीरच पाहिजे."

थ्रासोनला त्याचे पाय धरावेसे वाटले. पण स्मिक्रोस ताडकन उठला. "भाऊ? मग रक्ताचा बदला घ्यायलाच हवा! अरे, भाले आणा रे कुणीतरी!"

भाले आले. एकावर तर कोंबड्या बसायच्या. म्हाताऱ्यांच्या हातात ते कोंबून लोकांनी रिंगण धरलं. 

"घराणं सांगायला घेऊ का?" गोर्गोस हळूच म्हणाला.

"घे बाबा. पणजोबांपासून घे."

"खबरदार!" मिर्तो वाढायचा डाव घेऊनच मधे आली. "या घरचं अन्न पोटात आहे त्यांच्या! लाज नाही वाटत तुम्हाला, पाहुण्याच्या हाती भाला देता?"

गोर्गोसने सुटकेचा श्वास घेऊन भाला टाकला. "वहिनी म्हणतात ते खरंय. ज्याच्या घरी जेवलो त्याच्यावर हात कसा उचलू? गोर्गोसदादा, मला माफ कर रे!" आणि त्याने थ्रासोनला मिठी मारली. अंगणात रडारड झाली. लाम्पोनचे डोळे तेवढे चमकत होते.

सकाळी दोघं गोट्यांच्या किनाऱ्यावर जाऊन बसले.

"काय केस होते रे तुझे!" थ्रासोन म्हणाला. "वाटलं, हा देवच उतरलाय."

"आणि तुझा आवाज! आजोबाचं नाव घेतलंस तेव्हा पाखरं उडाली होती."

"लढलो असतो तर?"

"एकजण म्हातारा झाला नसता."

थ्रासोनच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उन्हाळा, ती समुद्राची चमक, दोघांचीही न दुखणारी हाडं, सगळं त्याला फार हवंहवंसं वाटलं.

पुढच्या द्राक्षांच्या हंगामात जत्रा भरली, तेव्हा गोर्गोस मुद्दाम होडी घेऊन आला. कुणी नवखाच गवई गात होता, आणि ऐकणारे हुंदके देत होते. गाणं होतं थोर मनाच्या निकानोरचं, ज्याने भावाच्या वैऱ्याला क्षमा केली. गोर्गोस त्यात नुसता 'भाऊ' झाला होता, आणि थ्रासोन 'कुणी एक म्हातारा'. एक आई आपल्या पोराला कुरवाळत म्हणाली, "निकानोरसारखा हो हं, सोन्या!"

थ्रासोनचा चेहरा पडला. "आपण जन्मभर झुरलो, गड्या, आणि नाव झालं कुणाचं? जो जन्मालाच आला नाही त्याचं!"

"म्हणून तर झालं," गोर्गोस त्याच्या पेल्यात द्राक्षाची दारू ओतत म्हणाला. "त्याला कुठे बायको आहे, खरं काय ते ठाऊक असलेली?"