तान्हूबाईच्या डाव्या गिरकीची हकीगत

श्री. जो देव उन्हाळां पाणी वाहवितो आणि हिवाळां थिजवितो, आणि थिजल्या पाण्यावर मनुष्यास नाचावयाची बुद्धि देतो, त्यास आधीं दंडवत. आणि जो हें वाचील त्याचा पाय न घसरो. शके सोळाशें ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सर, त्या सालीं एका राज्यांत जें वर्तमान घडलें तें कांहीं डोळां देखिलें, कांहीं कानीं ऐकिलें, तैसें लिहिलें असे. राज्याचें नांव लिहावयाची आज्ञा नाहीं.

त्या राज्याच्या उत्तरेस डोंगर आणि डोंगराच्या पोटीं तळें. मार्गशीर्षांत तळें थिजे तें होळीपर्यंत आरशासारखें राही. मग तेथील लोक जोड्यांस पोलादी पातीं बांधून त्यावर नाचत, वळत, उड्या घेत. त्या कसबास घसरविद्या म्हणत. पूर्वीं ही विद्या लेंकरांचीच होती. पांच वर्षांचें मूल तळ्यावर सोडावें आणि दहाव्या वर्षीं त्यानें हवेंत दोन फेरे घ्यावे, ऐसी चाल. पुढें काय जाहलें, लेंकरांस पोहोंचवावयास येणारीं वडील माणसें कांठावर बसून बसून कंटाळलीं आणि एके दिवशीं एका कासारणीनें पातीं बांधिलीं, मग एका कारकुनानें बांधिलीं, मग एका हवालदारानें बांधिलीं आणि त्याच दिवशीं नडगी मोडून घेतली. हाडवैद्याच्या दारीं रांग लागली. तेव्हां बाईसाहेब, ज्या त्या काळीं राज्य चालवीत, त्यांनीं विचार केला कीं प्रौढांस घसरूं नका म्हणावें तर ऐकणार नाहींत, आणि लेंकरांच्या कसोटीनें कसावें तर हाड उरणार नाहीं; सबब प्रौढांची कसोटी निराळी असावी. मग दूर थंड मुलुखांतून, जेथें ही विद्या फार जुनी, तेथून वकील पाठवून नियमांची पोथी आणविली आणि तिची नक्कल देशभाषेंत करून चावडीवर लाविली.

पोथींत होतें तें ऐसें. वयाचीं पंचवीस वर्षें पुरीं जाहलीं तो प्रौढ. प्रौढांच्या पायऱ्या तीन: पितळी, रुपेरी, सोनेरी. पितळीस एका पायावर आपल्या देहाच्या तिप्पट लांब घसरावें, मागें घसरावें, आणि कोणास न धरितां थांबावें. (हें थांबणेंच बहुतांस जड गेलें, एक सराफ थांबावयाच्या ठायीं न थांबतां परीक्षकांच्या बैठकींत येऊन बसले.) रुपेरीस एका पायावर गिरकी, तीन फेऱ्यांहून कमी नाहीं. सोनेरीस हवेंत एक पुरा फेरा. दुसरा फेरा घेतल्यास गुण नाहीं, उलट ताकीद. परीक्षक तिघे, दोघांनीं होय म्हटलें तर पास. एखादें अंग बिघडलें तर त्याच दिवशीं एक वेळ पुन्हा करावें. तेंही बिघडलें तर सत्तावीस दिवस, म्हणजे चंद्रानें सर्व नक्षत्रें फिरून यावें तोंवर, थांबावें. आणि स्पर्धेंत पितळीवाल्यांनीं मुकाट घसरावें, रुपेरीपासून पुढें गाण्याची संगत घ्यावी. शेवटीं एक कलम: गिरकी सव्य घ्यावी, म्हणजे देवास प्रदक्षिणा घालितों तैसें उजव्या अंगास वळावें. हें कलम कोणास अवघड वाटलें नाहीं. अवघें राज्य उजवीकडे वळलें आणि सुखी राहिलें.

त्या नगरांत दोघी जावा होत्या. थोरली ठमाबाई, धाकटी तान्हूबाई, दोघी विधवा, दोघींचा मिळून एक तेलाचा घाणा. ठमाबाई घाण्याच्या आडव्या लाकडावर बसून गाई आणि तान्हूबाई बैलामागें चाले; तीस वर्षें ऐसा क्रम. गळा एकीचा, पाय दुसरीचे. तान्हूबाईनें पन्नाशीनंतर पातीं बांधिलीं, आणि पांच वर्षांत पितळी पायरी चढली. दोघींनीं मनांत धरिलें कीं एक वेळ तरी तळ्यावर ठमाबाईनें गावें आणि त्या गाण्यावर तान्हूबाईनें नाचावें. परंतु त्यास रुपेरी पाहिजे, आणि वेळ थोडा. कारण ठमाबाईच्या लेकीनें सांगावा धाडिला होता कीं होळी झाली कीं आई, सात डोंगर उतरून माझ्याकडे ये, आतां एकटी मी लेंकरें सांभाळूं शकत नाहीं. गेलेली बाई परतेल ऐसा तो रस्ता नव्हता.

पौष शुद्ध पंचमीस तान्हूबाई रुपेरीच्या परीक्षेस उभी राहिली. परीक्षकांत मुख्य विसाजीपंत, मनुष्य कडक, परंतु प्रत्येक गोष्टीचें मूळ शोधावयाची खोड. तान्हूबाईनें सर्व अंगें नीट केलीं आणि मग गिरकी घेतली, एक, दोन, तीन, चार, लुगड्याचा घोळ भोवऱ्यासारखा उभा राहिला, आणि कांठावरचे लोक वाहवा म्हणाले. विसाजीपंतांनीं लिहिलें: "बाकी सर्व उत्तम. गिरकी डाव्या अंगास, अपसव्य, सबब नापास." पुन्हा संधि दिली, पुन्हा डावीकडेच वळली. घरीं येऊन ठमाबाई म्हणाली, "तान्हे, अगं उजवं-डावं कळंना व्हय तुला? जेवतीस कुठल्या हातानं?"

"हाताला कळतंय जाऊबाई. अंगाला कळंना."

मग सत्तावीस दिवस तान्हूबाई उजवीकडे वळावयास झटली. पहांटे झटली, दोन प्रहरीं झटली, आणि जितक्या वेळां झटली तितक्या वेळां आपटली. मनगट सुजलें, कंबर निळी जाहली. ठमाबाई रोज रात्रीं तेल कढवून चोळी आणि बोलून घेई, "घाण्याचं निम्मं तेल तुझ्या कंबरेलाच चाललं. गिऱ्हाइकाला काय, पेंड देऊ?" दुसऱ्या परीक्षेस तान्हूबाई उजवीकडे वळली, आणि एक फेरा पुरा व्हावयाचे आंत बसली. पुन्हा उठली, पुन्हा वळली, पुन्हा बसली. आतां सत्तावीस दिवस थांबावयाचे, आणि पुढें फाल्गुन शुद्ध पंचमीस स्पर्धा.

विसाजीपंतांनीं नापास लिहिलें खरें, परंतु लेखणी ठेवितांना त्यांच्या मनांत कोडें पडलें. तोच देह, तेंच पातें, तोच बर्फ. एकीकडे भोवरा आणि दुसरीकडे धोंडा, हें कैसें? ते बाईजवळ गेले आणि म्हणाले, "बाई, रागावूं नका. तुम्ही डावीकडे कां वळतां?"

"मला काय म्हाईत पंत? तुमी उजवीकडं का वळता?"

विसाजीपंत चाळीस वर्षें परीक्षक, परंतु हा प्रश्न त्यांस कोणी केला नव्हता. मग ते नगरांत हिंडूं लागले आणि पाहूं लागले कीं कोण कोणीकडे वळतो. न्हावी गिऱ्हाइकाभोंवतीं उजवीकडून फिरे. कलावंतीण दोहींकडे वळे, परंतु डोळे मिटून वळ म्हटलें तर डावीकडेच. कुत्रीं बसण्यापूर्वीं आपल्याभोंवतीं फिरतात, तीं अकरा कुत्रीं पाहिलीं: सहा उजवीकडे, पांच डावीकडे, आणि पंतांनीं टिपणांत लिहिलें कीं कुत्र्यांनीं आमची पोथी वाचिली नाहीं. मग ते घाण्यावर गेले. बैल फिरत होता, मधला खांब बैलाच्या डाव्या अंगास, आणि मागें तान्हूबाई, तिच्याही डाव्या अंगास तोच खांब. ठमाबाई गात होती:

घाण्याच्या बैला बाई, डोळ्यांवर गं झापड
माझे डोळे उघडे, तरी वाट ती वाकड

पंत उभे राहून ऐकत होते, मग म्हणाले, "मला चालूं द्या." पगडी सांवरून बैलामागें चालूं लागले. शंभर फेरे चालले. ठमाबाई वरून म्हणाली, "पंत, शेपटी धरू नका, त्यो लाथ मारतो." दोनशें फेरे झाल्यावर पंत थांबले आणि पाहतात तों जग अजून डावीकडे फिरत आहे. खांबास धरून म्हणाले, "दोनशें फेऱ्यांत माझी ही गत. तीस वर्षांचे किती होतील?"

"मोजले न्हाईत," तान्हूबाई म्हणाली. "मोजले असते तर चालवलं नसतं."

मग पंतांनीं तळ्यावर जाऊन स्वतः डावी गिरकी घेऊन पाहिली, आणि पडले, आणि त्यांची पगडी पार पलीकडल्या कांठापर्यंत घसरत गेली. लेंकरें हंसलीं. पंत बर्फावर बसल्या बसल्या विचार करूं लागले कीं जी गोष्ट माझ्यानें डावीकडे होत नाहीं आणि हिच्यानें उजवीकडे होत नाहीं, ती दोघांस एकीकडेच करा म्हणणारी मूळ पोथी कोणीं लिहिली? त्या थंड मुलुखांत घाणे नाहींत काय? आणि तेथून उठून, ओल्या धोतरानें, तडक दफ्तरखान्यांत गेले.

दफ्तरदार रामाजी मल्हार. नक्कल त्यांच्याच हातची. मूळ पोथी मागतांच रामाजीपंत म्हणाले, "वाळवी लागली." विसाजीपंत म्हणाले, "वाळवी दाखवा." मग रामाजीपंत म्हणाले, "किल्ली सांपडत नाहीं." विसाजीपंत म्हणाले, "सांपडेतोंवर बसतों," आणि बसले. तिसरे प्रहरीं किल्ली सांपडली. पोथी उघडली तों चित्रांतले सर्व पुरुष आणि बायका डावीकडे वळत आहेत, आणि खालीं कलम: गिरकी घेणारानें आपल्या देहास मानेल त्या बाजूस घ्यावी.

"रामाजीपंत, हें काय केलेंत?"

रामाजीपंतांच्या डोळ्यांत पाणी आलें. म्हणाले, "पंत, अपसव्य तें पितरांचें. अवघें राज्य तळ्यावर अपसव्य फिरूं लागलें, आणि कांहीं अरिष्ट आलें तर? मीं एक ओळ वळविली. राज्यासाठींच वळविली."

प्रकरण हुजूर गेलें. मिति माघ वद्य दशमी, स्पर्धेस दहा दिवस. बाईसाहेबांनीं दोन्ही पोथ्या समोर ठेविल्या आणि ठमाबाई, तान्हूबाई यांसही बोलाविलें. रामाजीपंतांनीं अर्ज केला कीं चूक मान्य, परंतु पोथींतच लिहिलें आहे कीं हंगामाचे मध्यें नियम फिरवूं नये. सबब दुरुस्ती पाडव्यापासून व्हावी. हें ऐकून ठमाबाईनें जावेकडे पाहिलें आणि मान खालीं घातली. पाडव्यास ती सात डोंगर उतरून गेलेली असणार. विसाजीपंत पुढें जाहले आणि म्हणाले, "सरकार, नियम फिरवावयाचा नाहीं हें खरेंच. परंतु फिरविला तो आम्हीं. मूळ आहे तेथेंच आहे."

बाईसाहेबांनीं रामाजीपंतांस विचारिलें, "ही बाई तळ्यावर पांच वर्षांवर डावीकडे फिरते आहे. अरिष्ट आलें का?"

"नाहीं सरकार. तिचीच कंबर दुखावली, ती उजवीकडे वळूं गेली तेव्हां."

मग आज्ञा जाहली कीं मूळ पोथी पहिल्या दिवसापासून लागू धरावी. जे उजवीकडे वळून पास जाहले ते पासच, त्यांच्या देहास तें मानलें. आणि पौष शुद्ध पंचमीची तान्हूबाईची परीक्षा फिरून वाचावी. विसाजीपंतांनीं आपलाच कागद काढिला, आपल्याच हातानें "सबब नापास" खोडिलें आणि लिहिलें, "सबब पास." रामाजीपंतांस शिक्षा कांहीं नाहीं; अक्षरास अक्षर पाहणारा मनुष्य म्हणून त्यांस स्पर्धेंत पाण्याच्या पात्रापाशीं बसविलें, वेळ मोजावयास.

आणि वेळेचाच नवा पेंच पडला. रुपेरीचें गाणें चार पळांचें, अधिक एक पळ गेलें तर एक गुण वजा. ठमाबाईच्या गाण्यांत कडवीं सात. चार पळांत तीनच बसत. दोघी घाण्यावर बसून कोणतीं तीन ठेवावीं यावर तीन दिवस भांडल्या.

फाल्गुन शुद्ध पंचमी. पन्नाशी ते साठी या गटांत तिघीजणी. कासारीण गोजराबाई, जिनें प्रौढांत प्रथम पातीं बांधिलीं, ती उजवीकडे सुरेख वळली. एक शिंपीण पडली, उठली आणि हंसत गेली. मग तान्हूबाई. रामाजीपंतांनीं चार पळांत बुडणारें भोंकाचें पात्र पाण्यावर सोडिलें, कांठावर ठमाबाईनें कानावर हात ठेविला आणि गळा मोकळा केला:

तिळातून निघे तेल, फेऱ्यातून निघे गाणं
जावाजावांचं गं झालं, एका लाकडात राहणं

तान्हूबाई घसरली, मागें गेली, अर्ध्या फेऱ्याची उडी घेतली, आणि तिसऱ्या कडव्यास गिरकींत शिरली. गाणें संपे तेव्हां गिरकी संपावी ऐसें ठरलें होतें. गाणें संपलें. गिरकी संपली नाहीं. पांच फेरे, सहा, सात. चेहरा दिसेना, लुगडें तेवढें दिसे. घाण्याची चाल ऐसी कीं बैल फिरतो तोंवर गाणारानें थांबूं नये. थांबलें कीं जनावर थबकतें आणि घाणी, म्हणजे त्या खेपेचें तेल, बिघडते. ठमाबाईनें तीस वर्षें ती मोडिली नव्हती. तिनें चौथें कडवें उचललें, जें दोघींनीं मिळून वगळिलें होतें:

सात डोंगरांच्या पल्याड, लेक मला बोलाविते
पाय माझे पुढे जाती, मान मागे वळविते

पात्र बुडालें. रामाजीपंत ओरडावयास उठले, आणि त्यांच्यानें ओरडवेना. विसाजीपंतांनीं त्यांच्याकडे पाहिलें आणि मान हालविली कीं सांगा. मग रामाजीपंत हळूच म्हणाले, "पात्र बुडालें." विसाजीपंतांनीं एक गुण वजा लिहिला, आणि लेखणी ठेवून पुन्हा पाहूं लागले. कडवें संपलें. तान्हूबाई थांबली, कोणास न धरितां.

निकाल ऐसा कीं अर्ध्या गुणानें गोजराबाई पहिली, तान्हूबाई दुसरी. ठमाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "माझ्या मेलीच्या तोंडानं गेला गं तुझा पहिला नंबर! गप का बसले न्हाई मी?"

"गप बसला असता, तर मी तरी कशाला फिरले असते?" तान्हूबाई बर्फावर बसून पातीं सोडीत म्हणाली. "ते कडवं र्‍हायलं असतं जाऊबाई. मग सातां डोंगरांपल्याड जाऊन ते कुणापुढं म्हणला असता?"

होळीनंतर तिसऱ्या दिवशीं ठमाबाई गेली. तळें तेव्हां वितळूं लागलें होतें.

सारांश, त्या सालीं प्रौढांची कसोटी मूळ पोथीवर आली; परीक्षेस येणारास आधीं "कोणीकडे वळतां?" ऐसें पुसावयाची चाल पडली, आणि उत्तर येईल तें लिहून घ्यावें, त्यावर वाद घालूं नये, ऐसें ठरलें. तान्हूबाईनें सोनेरी पायरी कधीं घेतली नाहीं. घाणा चालविला, आणि गाणें म्हणावयास शिकली. गळा बरा नव्हता. बैल चालला. हें वर्तमान इतकेंच.