आनासेइनीचे सतरा अडथळे

उष्मागतिकीच्या तिसऱ्या प्रकरणातलं एक समीकरण आनासेइनी ताउकोलोला समजलं नव्हतं. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या कोणाच्याही बाबतीत हे घडू शकतं. त्यात गंभीर काही नव्हतं. प्रकरण गंभीर झालं ते तिने विचारल्यामुळे.

तास संपल्यावर ती वही उघडून केम्बलसरांपुढे उभी राहिली. सरांनी वहीकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं.

"तू टोंगाची ना?"

"इथल्याच मांगेरेची, सर. आई टोंगा बेटांवरची."

सरांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग इथे कशाला उभी राहिलीस? तुमच्यासाठी विद्यापीठाने स्वतंत्र केंद्र काढलंय! दुसरा मजला. फार काळजी घेतात तिथे."

आनासेइनी निमूटपणे जिन्याकडे निघाली. तिच्या मागे हॅमिश उभा होता. त्यालाही तेच समीकरण अडलं होतं. सरांनी त्याला ते चार मिनिटांत समजावून दिलं. हॅमिशसाठी स्वतंत्र केंद्र नव्हतं, त्यामुळे सरांचाही नाइलाज होता.

दुसऱ्या मजल्यावर प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आलेल्या घरांतल्या मुलांसाठी 'पासिफिका यश-साहाय्य केंद्र' होतं. भिंतीवर कासवं रंगवली होती, जमिनीवर चटया होत्या आणि चटयांवर पाय पडू नये म्हणून भोवती दोरी होती. केंद्रप्रमुख डॉ. फिलिपा थॉर्नली यांनी आनासेइनीला आधी मिठी मारली आणि मग काय काम आहे ते विचारलं.

"प्रकरण तीन!" त्या गहिवरून म्हणाल्या. "छान. पण बाळा, आम्ही विषय शिकवत नाही. आम्ही आपलेपणाची भावना निर्माण करतो."

त्यासाठी एक अर्ज होता. पहिल्या रकान्यात बेटाचं नाव लिहायचं होतं आणि त्याखाली उच्च शिक्षणातल्या अडथळ्यांची यादी होती. एकूण सतरा. किमान तीन अडथळे असल्याशिवाय साहाय्य मंजूर होत नसे.

"मला एकच आहे, मॅडम. हे समीकरण."

डॉ. फिलिपांनी यादी वरपासून खालपर्यंत तपासली. "हा यादीत नाही गं. दुसरे बघ ना. असतील. असतातच."

समीकरण समजायला हवं होतं, म्हणून आनासेइनीने डोळे मिटल्यासारखं करून तीन खुणा केल्या. अर्जाची एक प्रत पालकांसाठी घरी जायची. तिची आई लुपे विमानतळाजवळच्या स्वयंपाकघरात प्रवाशांच्या जेवणाचे डबे भरायची. कामावरून आल्यावर तिने ती प्रत उभ्याउभ्याच वाचली.

"'पालकांना शिक्षणाचं महत्त्व माहीत नाही.' हे कोण?"

"आई, तो फक्त अर्ज आहे."

"म्हणजे मी तुझ्या अडथळ्यांत आहे?"

"तिसऱ्या नंबरला. दुसऱ्या नंबरला चर्चचं गाणं आहे."

"वा! तुझ्या परीक्षेपायी दोन वर्षं घरातला टीव्ही मी उशीच्या अभ्र्यात घालून ठेवला. माझं नाव तिसरं?" लुपे खुर्चीत बसली. रागावली होती, की तिसरा नंबर लागल्याने दुखावली होती, ते तिचं तिलाही कळेना. "बरं, पण समीकरण शिकवलं का त्यांनी?"

"बुधवारी बोलावलंय."

बुधवारी दुपारी दोन वाजता फोटो काढायचा होता. आनासेइनीच्या गळ्यात फुलांची माळ घातली, हातात सागरी जीवशास्त्राचं जाड पुस्तक दिलं आणि दूरवर पाहायला सांगितलं. आठवड्याभरात ती सात बसथांब्यांवर झळकली. खाली लिहिलं होतं, 'मी यशस्वी.' लुपेबरोबर काम करणाऱ्या बायकांनी बसथांब्यापाशी उभं राहून फोटो काढून घेतले. त्या घटकेला यशस्वी मुलीला तिसरं प्रकरण येत नव्हतं.

पुढच्या बुधवारी दोन वाजता कुलगुरूंचं स्वागत होतं. आनासेइनीने नाचायचं होतं.

"मला नाचता येत नाही, मॅडम. माझ्या धाकट्या बहिणीला येतं."

"येतं गं, रक्तात असतं," डॉ. फिलिपा म्हणाल्या. रक्तात नव्हतं, हे कुलगुरूंनाही दिसलं. पण संस्कृतीचा अपमान नको म्हणून त्यांनी सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरच्या बुधवारी, दोन वाजता, तिला धोरण समितीवर 'विद्यार्थ्यांचा आवाज' म्हणून घेतलं. तीन तास तिला कोणी बोलू दिलं नाही. इतिवृत्तात नोंद झाली: आवाज उपस्थित होता.

केम्बलसरांचा शंका विचारण्याचा तासही बुधवारी दोनलाच असे. त्याला ती सलग तीनदा गैरहजर राहिली, तेव्हा विद्यापीठाच्या संगणकावर तिच्या नावापुढे लाल दिवा लागला. कारणं शोधायला एक संशोधक आला.

"तू तासाला का जात नाहीस?"

"त्या वेळी मी केंद्रात असते."

संशोधकाने 'सांस्कृतिक कारणे' असं लिहून घेतलं. उपाय म्हणून तिला वेळेच्या नियोजनाची आठ आठवड्यांची कार्यशाळा लागू झाली. दर बुधवारी, दोन वाजता.

सहामाही परीक्षेत शंभरपैकी एकतीस गुण मिळाले. वार्षिक परीक्षेतही असेच पडले, तर तिसऱ्या वर्षात प्रवेश नव्हता. आनासेइनीने दप्तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टाकलं. "मी डबे भरायला येते तुझ्याबरोबर," ती आईला म्हणाली. "मला हे जमायचं नाही."

लुपेने दप्तर उचललं, पोरीचा दंड धरला आणि तिला थेट चर्चच्या सभागृहात नेलं. तिथे लुपेचा चुलतभाऊ फेलेटी बिघडलेला फ्रिज उघडून बसला होता. मासळीच्या शीतगृहातले कंप्रेसर दुरुस्त करण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती.

"फेलेटी, हिला काहीतरी अडलंय. बघ."

फेलेटीने हात पुसले आणि वही पाहिली. समीकरणाकडे तो बराच वेळ पाहत राहिला. "ही अक्षरं मला कळत नाहीत. गोष्ट कशाची आहे?"

"एन्ट्रॉपीची, मामा. उष्णता आपणहून गरमाकडून गाराकडेच का जाते."

"हात्तिच्या! इकडे ये. फ्रिजच्या पाठीला हात लाव."

"गरम आहे."

"आतली ऊब आहे ती. आपणहून आली का बाहेर?"

"नाही. कंप्रेसरने काढली."

"म्हणजे काम करावं लागलं. घर पसरायला कोणाला सांगावं लागतं का? आवरायला मात्र तुझी आई लागते. आता तुझ्या वहीत ती आई कुठे आहे, ते दाखव."

आनासेइनीने वहीवर बोट ठेवलं. आणि बोट तसंच ठेवून ती रडायला लागली, कारण ते समीकरण पहिल्यापासून तेवढंच होतं.

ती बुधवारी केंद्रात जायची थांबली. केंद्राने तीन स्मरणपत्रं पाठवली. वार्षिक परीक्षेत तिला अठ्ठ्याहत्तर मिळाले. पुढे शनिवारी फ्रिजमागे पहिल्या वर्षाच्या चार मुली येऊन बसायला लागल्या. त्यांना ती शिकवत असे, आणि अडलं की फेलेटी.

केंद्राने तिचा सत्कार ठेवला. आनासेइनीने एकूण बहात्तर तास साहाय्य घेतलं आणि म्हणूनच सत्तेचाळीस गुणांची झेप घेतली, असं डॉ. फिलिपांनी अहवालातून वाचून दाखवलं. मग आनासेइनी बोलायला उभी राहिली.

"मला तिसरं प्रकरण फेलेटीमामांनी शिकवलं," ती म्हणाली. "चर्चच्या फ्रिजमागे. दीड तासात. त्याआधीच्या बहात्तर तासांत मी नापास झाले."

सभागृह भारावून उभं राहिलं. "समाजाची ताकद!" डॉ. फिलिपांनी डोळे टिपले. फेलेटीला केंद्रात शिकवायला घ्यावं, असंही कोणी सुचवलं. पण त्याच्याकडे पदवी नव्हती. म्हणून पुढच्या समारंभाला दोनशे माणसांसाठी डुक्कर भाजायचं काम त्याला सन्मानपूर्वक देण्यात आलं.

हे केंद्र पाहायला परदेशातून आलेलं एक शिष्टमंडळही सत्काराला हजर होतं. त्याचे प्रमुख पुढे झाले. त्यांनी फेलेटीच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. फेलेटीने नारळ कानाशी धरून हलवला.

"पाणी आटलंय," तो म्हणाला.

"आपल्या यशाचं रहस्य काय?" प्रमुखांनी वही काढली.

"तिने विचारलं. मी सांगितलं."

प्रमुखांचं पेन थांबून राहिलं. "आणि पुढे?"

"पुढे काय, घरी गेलो. भूक लागली होती."

प्रमुखांनी वही मिटली आणि डॉ. फिलिपांकडून अर्जाची एक प्रत मागून घेतली. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. "हे आमच्याकडे उत्तम चालेल! फक्त बेटाचा रकाना काढावा लागेल."

"पण मग कोणाला साहाय्य द्यायचं ते तुम्हाला कळणार कसं?" डॉ. फिलिपांनी काळजीने विचारलं.

"त्याची चिंता नको, मॅडम," पाहुणे हसून म्हणाले. "आमच्याकडे आडनावावरून कळतं."