काट्यांत काटे, चाकांत चाकं

घराच्या पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांचं टेबल बायकोच्या मते उकिरडा होतं. पण त्या उकिरड्याला डोकं होतं. उघडलेल्या प्रत्येक घड्याळाचा वेगळा ढीग: मास्तरीणबाईंचं बशीत, कंपाउंडरचं चष्म्याच्या घरात, एकाचं जुन्या पाकिटावर. डोळे मिटून हात घातला तरी चुकायचा नाही.

एका मळभट सकाळी बायको म्हणाली, "अहो, उद्या तुमचं बरंवाईट झालं, तर हा पसारा मी कुणाच्या गळ्यात बांधू?"

मरणाची ही व्यावहारिक बाजू ऐकून गृहस्थ खचले आणि आवरायला बसले. दुपारी टेबल लखलखत होतं. एका बरणीत सगळे काटे, दुसरीत सगळी चाकं, तिसरीत सगळे स्क्रू. (एकोणीस घड्याळांचे!) बायको "वा!" म्हणाली, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की कुठलं चाक कुणाचं हे आता कळायचं नाही.

तेवढ्यात दारात एक आजी आल्या. "ह्यांचं घड्याळ झालं का हो? ह्यांना जाऊन महिना झाला. घर अगदी मुकं झालंय."

"सं... संध्याकाळी या, आजी."

बरण्यांतून निवडानिवड करून गृहस्थांनी घड्याळ जुळवलं. चाललंही. संध्याकाळी आजींनी ते कानाला लावलं आणि खाली ठेवलं.

"हे ह्यांचं नाही."

"कशावरून?"

"नीट चालतंय. ह्यांचं लंगडायचं. एक टिक, मग काहीतरी विसरल्यासारखं थांबायचं, मग दुसरी. हेही तसेच चालायचे."

गृहस्थांना खोटं रेटवेना. त्यांनी सगळं कबूल केलं, मान खाली घालून. आता ह्या रडणार, असं त्यांना वाटलं. आजींनी बाह्या मागे सारल्या.

"ओता सगळं टेबलावर."

बरण्या उपड्या झाल्या. पसारा दिसताच गृहस्थांच्या बोटांना एकेक आठवू लागलं. सकाळी बशीत काय होतं, पाकिटावर काय होतं... शेवटी एक बारकं चाक हाती लागलं. दात तुटलेलं. दुपारी निकामी म्हणून त्यांनीच बाजूला सारलेलं.

ते बसवलं. टिक. थांबलं. टिक.

आजींनी ते पुन्हा कानाला लावलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुमच्यासारखा कारागीर नाही हो!"

तीस वर्षांच्या धंद्यात असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं, आणि तेही बिघडलेलं घड्याळ बिघडलेलंच परत दिलं म्हणून.